पाटी दिसतेय का?

माणसं काय वाचतात ते चोरून बघायला मी नोकरीला लागले नव्हते. हे मी मालकांना तोंडावर सांगितलं, तर ते म्हणाले, "हळू बोला हो बाई, साहेब अजून जिन्यातच आहेत."

साहेब जिन्यात असोत नाहीतर छपरावर, मला काय! एकोणीस वर्षं झाली या ऑफिसात. घरोघरी इंटरनेट पोचवणारी आमची छोटी कंपनी. बाहेर काउंटर, आत मालकांचं टेबल, आणि त्याच्यामागे मशीनची एवढीशी खोली, जिथला पंखा कधी बंद होत नाही. खांबांवर चढणारे तिघंजण आणि मी. तक्रारीचे फोन मी घेते, मशीनही मीच सांभाळते. आजूबाजूची अडीच हजार घरं मला आवाजावरून ओळखू येतात. कुणी राउटर फ्रिजमागे कोंबलाय आणि कुणाच्या सासूबाई वीज वाचवायला तो दुपारचा बंद करून ठेवतात, सगळं तोंडपाठ आहे.

सोमवारी सकाळी आलेल्या कागदात दोन गोष्टी होत्या. एक, अमुक एक साइट आजच्या आज बंद करा. दोन, बंद केल्यावरही जी घरं ती उघडायला जातील, त्यांचे कनेक्शन नंबर आणि नावं दर शनिवारी द्या. कागद घेऊन आलेल्या साहेबांच्या बगलेत सदानकदा एक जाडजूड फाइल असते, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात फाइलसाहेब म्हणते.

"बंद करायला सांगताय, करते," मी मालकांना म्हटलं, "पण नावं कशाला?"

"आपल्याला काय करायचंय! ते मागतात, आपण द्यायचं आणि मोकळं व्हायचं."

"उद्या म्हणतील, कोण आरशासमोर किती वेळ उभं राहतं ते लिहून द्या. द्याल?"

मालकांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. आमचा परवाना दरवर्षी याच साहेबांच्या सहीनं मिळतो, त्यामुळे त्यांची फाइल दिसली की मालकांच्या तोंडचं पाणी पळतं.

बंद करण्याआधी मी ती साइट उघडून बघितली. निदान काय बंद करतोय ते तरी कळावं. गावाबाहेर बॅटरीचा कारखाना आहे ना, तिथल्या बायकांची साइट होती ती. कारखाना दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त काढून घेतो, त्यात शिसं किती गेलंय ते तपासायला. पण किती निघालं ते त्यांना सांगत नाही. मग बायका सुट्टीच्या दिवशी बाहेर कुठेतरी रक्त तपासून घेत होत्या आणि तो आकडा इथं टाकत होत्या. खरं नाव कुणाचंच नाही. 'मधल्या पाळीची', 'हातमोजेवाली', असलं काहीतरी. हातमोजेवालीनं लिहिलं होतं, 'तेहतीस. दोनदा पोट पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दहाच्या वर गेलं तरी काळजी करायची असते.' बाकी शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसते आकडे आणि तारखा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि तरीही बंद मीच केली, खोटं कशाला सांगू? नोकरी करते, हुकूम आला, बटणं दाबली. त्या दिवशी घरी जाऊन भाजी चिरताना बोट कापलं आणि मला वाटलं, बरं झालं.

साइट बंद केली की तिच्या जागी आमच्याच मशीनवरची एक पाटी दिसते, 'ही साइट आदेशानुसार बंद करण्यात आली आहे.' त्या पाटीपर्यंत जो येतो त्याचा कनेक्शन नंबर आपोआप टिपला जातो. लोकांना वाटतं आम्हाला सगळं दिसतं. तसं नाही. तुम्ही आत बसून काय वाचलं, काय लिहिलं, ते मला दिसत नाही. पण कुणाच्या दारात जाऊन उभे राहिलात ते दिसतं, आणि फाइलसाहेबांना तेवढं पुरत होतं.

गुरुवारी दुपारी मी यादी काढली. अकरा कनेक्शन होती. एक शिवणकाम करणाऱ्या बाईंचं, एक दवाखान्यातल्या नर्सबाईंचं, चारपाच कारखान्याच्या चाळीतली. नववा नंबर मी दोनदा वाचला. तो माझ्या घरचा होता.

आमचं घर दुमजली. खाली मी, आमचे हे आणि सासूबाई. वर दीर आणि धाकटी जाऊ. कनेक्शन एकच, माझ्या नावावर, कारण नोकरीत असल्यामुळे मला ते फुकट. पाटीवर आल्याची वेळ रोज दुपारी तीन वीस, तीन चाळीस, चार. त्या वेळी आमचे हे कामावर, दीर कामावर, सासूबाई झोपलेल्या, आणि झोपलेल्या नसल्या तरी त्यांना फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही. आणि धाकटी तीन वाजता पहिली पाळी संपवून येते. बॅटरीच्या कारखान्यातून.

आता माझं आणि धाकटीचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. गच्चीच्या किल्लीवरून भांडण झालं होतं. कारण इतकं फालतू होतं की सांगायचीही लाज वाटते, पण दोघी हट्टी, कोण आधी बोलणार? त्या दिवशी मी जिना चढून वर गेले आणि तिच्या दारात उभी राहिले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू ती साइट उघडतेस?" मी विचारलं.

तिनं हातातला परकर खाली ठेवला. "कुठली?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझ्या कारखान्याची."

तिनं तो परकर पुन्हा उचलून त्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "उघडत नाही ताई. चालवते."

"म्हणजे?"

"मीच चालवते. बायका मला आकडे आणून देतात, मी टाकते. सोमवारपासून बंद आहे. सारखी बघते, चालू झाली का म्हणून. सगळ्या विचारतात ना." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही बंद केलीत का?"

"हो. मीच केली."

मला वाटलं आता ही मला झाडणार. झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार!" ते मला जास्त लागलं.

मग तिनं सगळं सांगितलं. शनिवारी साहेबांकडे जाणारी यादी तिथून कारखान्याच्या मॅनेजरकडे जाणार हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. नुसत्या संशयावरून दोघींना गेटवरूनच परत पाठवलं होतं. साइट चालवणारी सापडली तर कामावरून काढतीलच, वर बदनामीची केस घालू असं नोटीस बोर्डावर लावलं होतं. दिराला यातलं काही माहीत नव्हतं.

"तुझा आकडा किती?" मी विचारलं.

"एकेचाळीस."

तीन वर्षं मी या बाईशी एका किल्लीपायी बोलले नव्हते. खालच्या मजल्यावर मला तिचा खोकला ऐकू यायचा आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "अगं मूर्ख मुली, रोज चारचारदा कशाला जाऊन बघायचं! आता घरून अजिबात उघडू नकोस." आणि खाली आले.

नोंदी पुसता आल्या असत्या. पण पाटीच्या नोंदीची एक प्रत दर तासाला मालकांच्या मशीनवर जाते, आणि मालकांना साहेबांनी दरडावून विचारलं की ते पाच मिनिटांत सगळं ओकतात. पुसून भागणार नव्हतं.

देव पावला तो शुक्रवारी. पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणताना कुणीतरी आमची मोठी केबल तोडली. आठ गल्ल्या ठप्प! तिघं लाइनमन खड्ड्यात, आणि माझा फोन कानाला चिकटलेला. दुपारी बाराला केबल जोडली, आणि मग सुरू झालं आमचं नेहमीचं काम, एकेका घराची लाइन तपासायचं.

यात एक गोम असते. माणसाला म्हणावं, एखादी साइट उघडून बघा, तर तो नेहमीची उघडतो. तिचं जुनं पान फोनमध्ये साठलेलं असतं, तेच दिसतं, आणि तो म्हणतो, चालतंय की! पाच मिनिटांनी परत फोन, बंद आहे. म्हणून तपासायला त्या घरानं कधीच न उघडलेली साइट द्यावी लागते. आम्ही ज्याला त्याला काहीतरी नवीन शोधून देत असतो. पहिलाच फोन निवृत्त हेडमास्तरांचा होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून त्या बंद साइटचा पत्ता निघाला.

"हा टाका सर," मी म्हटलं. "पाटी दिसतेय का? दिसली तर लाइन आमच्या मशीनपर्यंत येतेय." हे तर शंभर टक्के खरं होतं. पण लोकांना अंधारात ठेवून यादीत ढकललं तर माझ्यात आणि फाइलसाहेबांत फरक काय राहिला? म्हणून लगेच म्हटलं, "थांबा सर, अजून टाकू नका. आधी ऐका. ही साइट बंद केलेली आहे. उघडायला जाणाऱ्याचं नाव टिपून वर द्यावं लागतं. चालत नसेल तर दुसरी देते."

"नाव टिपतात? वाचलं म्हणून?"

"वाचायला गेलं म्हणून. वाचता तर येतच नाही."

"काय आहे त्यात?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. हेडमास्तरांनी जन्मभर मुलांचे कान पिळले, तो आवाज अजून तसाच आहे. "लिहा माझं नाव," ते म्हणाले. "ठळक अक्षरात लिहा. आणि बायकोच्या फोनवरूनही उघडतो."

असं सुरू झालं. प्रत्येकाला आधी सांगायचं, मग विचारायचं. काही म्हणाले, नको बाई, नसती भानगड. त्यांना हवामानाचं पान दिलं, बिचाऱ्यांचं काय चुकलं? पण जास्त लोकांनी उघडली. चाळीतल्या एक आजी म्हणाल्या, माझी नात तिथं कामाला आहे, तिचंही नाव घे. एकानं विचारलं, दोनदा उघडली तर दोनदा नाव येतं का? लाइनमन घरोघर तपासायला गेले, त्यांनाही मी पढवून ठेवलं होतं. आमचा म्हातारा लाइनमन, गुडघे गेलेला, तो तर प्रत्येक घरात भाषणच ठोकत सुटला. संध्याकाळी एक फोन आला, आवाज ओळखीचा. फाइलसाहेबांची बायको.

"बाई, यादीत नाव जातं बरं का," मी म्हटलं.

"जाऊ दे गेलं तर. यादी कोण वाचतंय!"

"कुणीतरी वाचतं हो."

"मग वाचू दे. मला मालिका बघायचीय." आणि पाटी दिसतेय म्हणाल्या.

प्रत्येक तपासणी मी तक्रारवहीत चढवत होते. आधीच्या यादीतल्या दहा घरांनाही मी स्वतःहून फोन लावले, केबल तुटली होती, तुमची लाइन बघू या म्हणून, आणि त्यांच्याही नोंदी केल्या. नर्सबाई फोनवर हळूच म्हणाल्या, कळलं. शनिवारी दुपारपर्यंत यादीत चारशे बारा घरं झाली. मी ती कनेक्शन नंबराच्या क्रमानं छापली. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू!

फाइलसाहेब साडेबाराला आले. यादी बघितली, पानं उलटली, परत उलटली.

"हे काय आहे? गाव आहे की यादी?"

"केबल तुटली होती साहेब. लाइन तपासताना उघडलेली आहे. न उघडलेलीच साइट द्यावी लागते, विचारा मालकांना."

मालक जमिनीकडे बघत म्हणाले, "तशी पद्धत आहे खरी."

"यात माझं घर आहे!" साहेब ओरडले.

"हो साहेब, लाइन व्यवस्थित आहे तुमची."

काउंटरवर कुणीतरी खुदकन हसलं. साहेब लाल झाले. "वेळा द्या. कोण कधी आलं ते द्या मला."

"कागदात नंबर आणि नावं मागितलीत. वेळा मागितलेल्या नाहीत. नवा कागद आणा, शिक्का मारून."

मला वाटलं, जिंकले. पण माणूस कामसू आहे, हे मान्य करायला हवं. त्यानं खुर्ची ओढली, फाइल उघडली आणि म्हणाला, "तक्रारवही आणा." मग पट्टी लावून एकेक नंबर ताडून बघायला बसला. ज्याची तक्रारवहीत नोंद आहे तो तपासणीतला. ज्याची नाही, तो स्वतःहून गेलेला. दोन तास त्यानं मान वर केली नाही. मी निवांत फोन घेत होते. अकराच्या अकरा झाकलीत, बस म्हटलं घाशीत.

अडीच वाजता पट्टी थांबली. "हा एक उरला," तो म्हणाला आणि वर बघितलं. "हे तर तुमचंच घर आहे."

अहो, आमच्या लोकांची सवयच ती! ऑफिसातला माणूस स्वतःच्या घरची तक्रार कधी वहीत लिहितो का? बिघडलं तर घरी जाऊन आपणच दुरुस्त करतो. कर्मचाऱ्यांच्या कनेक्शनला वहीत पानच नाही. दहा घरं आठवणीनं झाकली आणि स्वतःचं उघडं टाकून बसले.

"तुमच्या घरातून कारखान्यात कोण जातं?" साहेबांनी विचारलं. मालकांना माहीत होतं. मी मालकांकडे बघितलं. त्यांचा घाम फुटलेला चेहरा बघूनच कळलं, अजून एकदा विचारलं की हे बोलणार.

"घरात कोण कुठे जातं त्याचं काय करायचंय?" मी म्हटलं. "साइट मी उघडली."

"तुम्ही?"

"मीच. माझ्या नावावर कनेक्शन आहे, मी उघडली."

"स्वतः बंद केलेली साइट?"

"बंद करायला लावलीत म्हणून तर कळलं की अशी काही आहे. नाहीतर मला कुठे माहीत होती!"

"हे लिहून द्याल?"

"कागद द्या."

मी लिहिलं. मी ही साइट उघडली. ती बंद करणं चूक होतं आणि ते मी माझ्या हातानं केलं, त्याची मला लाज वाटते. उघडणाऱ्यांची नावं टिपणं त्याहून चूक आहे, ते मी यापुढे करणार नाही. खाली सही. साहेबांनी कागद फाइलमध्ये घातला आणि मालकांच्या कानात काहीतरी सांगितलं. मालक म्हणाले, "साहेब, बाईंनी एकोणीस वर्षांत एक दिवस..." आणि तिथंच थांबले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मशीनखोलीची किल्ली मागितली. मी टेबलावर ठेवली आणि डबा उचलून निघाले.

घरी पोचले तर धाकटी नुकतीच आली होती. मी सरळ वर गेले आणि सगळं सांगितलं.

ती उठलीच. "मी जाते. सांगते, मी आहे म्हणून. तुमची नोकरी..."

"गप बस खाली. माझी नोकरी मी घालवली, तू नाही. आता सांग, ती साइट दुसऱ्या पत्त्यावर उघडता येते की नाही?"

"येते. कालच घेतलाय नवा पत्ता. पहिलं काय टाकायचं तेवढं ठरत नव्हतं."

"माझं टाक. त्यांनी यादी कशी करायला लावली, मी साइट कशी बंद केली, सगळं. मी सांगते, तू लिही. आणि खाली माझं नाव घाल. खरं."

ती थबकली. "ताई, आमच्यात खरं नाव कुणीच लिहीत नाही."

"म्हणूनच."

तासभर मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मध्ये मी दोनदा चिडले, ती एकदा हसली. शेवटी तिनं माझं नाव टाकलं आणि आडनावापाशी बोटं थांबली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडनाव तर दोघींचं एकच. हे वाचलं की मॅनेजरला दुसऱ्या मिनिटाला कळणार, कुणाच्या घरातली कोण.

"थांब थांब," मी म्हटलं. "आडनाव नको. नुसतं नावच टाक."

तिनं ऐकलं नाही. आडनाव पूर्ण केलं. मग पुढच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि त्यापुढे, 'ही साइट मी चालवते.'

"अगं वेडे!" मी ओरडले. "मग मी एवढा आटापिटा कशासाठी केला? चारशे घरं पालथी घातली, नोकरी घालवली, ते तुझं नाव झाकायला ना?"

"त्यांना सापडू नये म्हणून ना?" ती म्हणाली. "त्यांना सापडलेच नाही मी. तुम्ही सापडू दिलं नाहीत. आता मी आपणहून सांगतेय. ते वेगळं आहे ताई."

खाली सासूबाई उठल्या होत्या, चहाचं काय म्हणून विचारत होत्या. दीर यायला अजून दोन तास होते, आणि आल्यावर घरात काय होणार ते दोघींनाही माहीत होतं. तिनं फोन माझ्यापुढे धरला, एकदा वाचून बघा म्हणाली. मी दोन्ही नावं वाचली.

"मी थोरली आहे," मी म्हटलं, "बटण मी दाबणार." आणि दाबलं.